सरासरी काढताना रिकामी जागा विसरू नये

पनवेलच्या खाडीकाठची भातखाचरे एकसारखी नसतात. एकाच खाचरात एका बाजूस भात जोमाने फुटते, तर दुसऱ्या बाजूस क्षारामुळे चूड मरून जागा रिकामी राहते. अशा जमिनीकरिता पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’ व ‘पनवेल-3’ या क्षार सहन करणाऱ्या जाती दिल्या आहेत. परंतु एखादी जात आपल्या खाचरात कितपत साधली, हे केवळ नजरेने ठरविता येत नाही. त्याकरिता सरासरी काढावयास हवी.

मोजणीत येणाऱ्या 1, 2, 3 इत्यादी संख्यांस नैसर्गिक संख्या म्हणतात. मिळालेल्या संख्यांची बेरीज करावी व जितक्या जागा तपासल्या तितक्यांनी भागावे. येणारा भागाकार ही सरासरी होय. समजा, चुडाच्या पाच जागी 12, 9, 0, 11 व 6 फुटवे मिळाले. बेरीज 38 व सरासरी 7.6 येते. 7.6 फुटव्यांचा चूड कोठेही आढळणार नाही, तरी पिकाची खरी स्थिती हाच आकडा सांगतो. रिकामी जागा वगळून 4 ने भागल्यास 9.5 येतात व पीक आहे त्याहून चांगले भासते.

हीच चूक पीक कापणी प्रयोगात महाग पडते. समजा, 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद अशा पाच तुकड्यांत 18, 21, 9, 20 व 12 किलो भात मिळाले. सरासरी 16 किलो. हेक्टरात असे 200 तुकडे बसतात. म्हणजे हेक्टरी उत्पन्न 32 क्विंटल. चांगले तीनच तुकडे धरले, तर ते सुमारे 39 क्विंटल दिसेल. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पन्न 36 क्विंटल असल्यास पहिल्या हिशेबाने 4 क्विंटलांची तूट ठरून विमा रकमेचा नववा भाग भरपाई मिळेल. दुसऱ्या हिशेबाने काहीच मिळणार नाही. मुद्दाम वाईट तुकडे निवडणे हेही तितकेच खोटे होय.

डॉ. पांडुरंग सुखात्मे व डॉ. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी 1940 नंतरच्या दशकात कापणी प्रयोगांसाठी यदृच्छ निवडीची पद्धत रूढ केली, ती याच कारणाने. म्हणून कार्यकर्त्यांनी तुकड्याची जागा यदृच्छ अंकांवरूनच ठरवावी, एकदा रोवलेली खुंटी हलवू नये आणि जेथे काही उगवले नाही तेथे वहीत शून्य लिहावे. शेतकरी बंधूंनी कापणीच्या वेळी स्वतः उपस्थित राहून हा हिशेब पडताळून पाहावा.