अमेरिकेतील पुराणमतवादी भाष्यकारांचा विनोदी संवाद : राजकारण आणि लोकप्रिय संस्कृती यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
लोकशाहीत राजकीय विचारांचा प्रसार केवळ जाहीरनामे, अग्रलेख व भाषणे यांतूनच होतो असे नाही. गप्पा, थट्टा आणि चित्रपट-मालिकांवरील शेरेबाजी हीदेखील त्याची प्रभावी साधने आहेत. अमेरिकेतील पुराणमतवादी भाष्यकारांनी या साधनांचा कुशलतेने वापर केला. प्रस्तुत लेखात या संवादपद्धतीची जडणघडण व तिचे कार्य स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वादविवादाकडून गप्पांकडे :
'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाचे संस्थापक विल्यम बकली यांनी १९६६ ते १९९९ या काळात 'फायरिंग लाइन' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम चालविला. त्यात ते वैचारिक प्रतिपक्षाला समोर बसवून वाद घालीत. बकलींच्या बोलण्यातही उपहास असे. परंतु त्याला उत्तर देणारा माणूस तेथेच उपस्थित असे.

वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर परस्परविरोधी मतांना वाव देण्याचे बंधन अमेरिकेतील प्रसारण केंद्रांवर १९४९ पासून होते. १९८७ मध्ये ते रद्द झाले. याच सुमारास संगीताचा श्रोता एफ.एम.कडे वळल्याने ए.एम. केंद्रांना भाषणप्रधान कार्यक्रमांची गरज भासू लागली होती. या परिस्थितीत १९८८ मध्ये रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. दररोज तीन तास, रॉक संगीत, विडंबनगीते व राजकीय टीका असे त्याचे स्वरूप होते. पाहुणे क्वचितच येत. पुढे फॉक्स न्यूजवर ग्रेग गटफेल्ड यांनी 'रेड आय' (२००७) व 'गटफेल्ड!' (२०२१) या कार्यक्रमांतून हीच पद्धत सामूहिक गप्पांच्या रूपात रुजविली.

लोकप्रिय संस्कृतीचे स्थान :
गप्पांत प्रतिपक्ष अनुपस्थित असल्याने त्याची जागा कोणीतरी घ्यावी लागते. ती जागा लोकप्रिय संस्कृती घेते. मे १९९२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी कुटुंबमूल्यांविषयी बोलताना 'मर्फी ब्राउन' या मालिकेतील अविवाहित मातेवर टीका केली आणि एका काल्पनिक पात्रावरून देशभर वाद पेटला. २०२३ मध्ये बेन शापिरो यांनी 'बार्बी' चित्रपटावर चाळीस मिनिटांहून अधिक लांबीची चित्रफीत प्रसिद्ध केली. सामाजिक धोरणावरील मत आकडेवारीने मांडल्यास मोजकेच लोक ऐकतात; तेच मत चित्रपटाच्या निमित्ताने मांडल्यास सर्वांना कळते. शिवाय, चित्रपट प्रत्युत्तर देत नाही.

विनोदाचे दुहेरी कार्य :
विनोद श्रोत्यांत आपलेपणा निर्माण करतो. प्रस्थापित वृत्तवाहिन्या व हॉलिवूड यांत आपल्याला स्थान नाही, असे मानणाऱ्या मोठ्या वर्गाला या कार्यक्रमांनी हक्काची बैठक दिली, हे मान्य करावे लागेल. त्याचबरोबर विनोद ही ढालही ठरते. २०१२ मध्ये एका विधी शाखेच्या विद्यार्थिनीविषयी अश्लाघ्य उद्गार काढल्यावर अनेक जाहिरातदार दूर गेले. तेव्हा लिंबॉ यांनी क्षमा मागितली, परंतु विनोद करण्याच्या प्रयत्नात हे घडले, असेही नमूद केले. दावा गंभीर आणि जबाबदारी मात्र विनोदाची, ही या संवादपद्धतीची मूलभूत विसंगती होय.

निष्कर्ष :
ही पद्धत केवळ पुराणमतवाद्यांची नाही. उदारमतवाद्यांना प्रिय असलेल्या 'द डेली शो'नेही उपहासाचाच आश्रय घेतला. म्हणून आक्षेप विशिष्ट विचारसरणीवर नसून प्रतिपक्षाच्या अनुपस्थितीवर आहे. आपले विद्यार्थी राजकारणाचा परिचय पुष्कळदा अशाच हास्यविनोदातून करून घेतात. त्यांना हसण्यापासून परावृत्त करणे शक्य नाही व इष्टही नाही. मात्र विनोदामागील दावा वेगळा काढून तो सरळ वाक्यात लिहावयास लावणे आणि त्याला अनुपस्थित व्यक्तीने काय उत्तर दिले असते हे विचारणे, एवढे अध्यापकांना निश्चितच करता येईल. वर्गात प्रतिपक्षाची ती रिकामी खुर्ची भरून काढणे हे राज्यशास्त्राइतकेच भाषा व समाजशास्त्राच्या अध्यापनाचेही कार्य आहे.