फॅनीबाईंची जेली

वाण्याकडे ‘चायना ग्रास’ मागितलं की पांढऱ्या पट्ट्यांची हलकीशी पुडी हातात पडते. चीक मिळाला नाही की बरेचजण त्यावरच खरवसाची हौस भागवतात. तांबड्या समुद्री शेवाळातून काढलेला हाच पदार्थ जिवाणूंच्या प्रयोगशाळेत ‘अगार’ या नावाने भुकटीच्या रूपात असतो.

जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना एका वेळी एकाच जातीचा जिवाणू हवा होता. मांसाच्या पातळ अर्कात सगळ्या जातींची खिचडी होते. घट्ट पृष्ठभागावर मात्र जो जिवाणू जिथे पडेल तिथेच त्याचं खटलं वाढतं आणि रात्रभरात डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याचे काप वापरले, पण बटाटा सगळ्याच जिवाणूंना मानवेना. मग जिलेटिन आलं. ते ३७ अंशांना, म्हणजे नेमकं आपल्या शरीराच्या तापमानाला, पातळ होई. शिवाय काही जिवाणू तेच पचवून टाकत.

हवेतल्या जंतूंचा अभ्यास करणारे वाल्थर हेस्से १८८१च्या सुमारास याच डोकेदुखीने बेजार होते. त्यांची पत्नी फॅनी त्यांना प्रयोगांत मदत करी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोष्टींची चित्रं काढी. तिच्या जेली उन्हाळ्यातही ढळत नसत. अगारची युक्ती तिला अमेरिकेतल्या बालपणी, जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून कळली होती. अगार वितळायला सुमारे ८५ अंश लागतात, पण एकदा वितळला की चाळिशीच्या आसपास येईपर्यंत गोठत नाही. तिने तोच वाल्थर यांना सुचवला आणि त्यांनी कॉख यांना कळवलं. कॉख यांनी १८८२च्या क्षयरोगावरील निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. १८८७ मध्ये त्यांचे सहायक पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी सुचवली, तिला मात्र पेट्रींचं नाव कायमचं चिकटलं.

आजही काम तसंच चालतं. ऑटोक्लेव्ह या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात १२१ अंशांना पंधरा मिनिटं ठेवलेली अगारची बाटली बाहेर काढायची आणि हाताला सोसवेल इतकी निवली की बशांत ओतायची. घाई केली तर झाकणाला वाफ धरते, रेंगाळलात तर बाटलीतच गुठळ्या. मग तारेचं कडं ज्योतीत लाल करायचं, निवू द्यायचं, नमुन्यात बुडवून बशीच्या एका कोपऱ्यात नागमोडी फिरवायचं. पुन्हा लाल करायचं, आधीच्या रेघांना जेमतेम शिवून पुढच्या कोपऱ्यात ओढायचं. चौथ्या कोपऱ्यापर्यंत कड्यावर इतके थोडे जिवाणू उरतात की ते सुटेसुटे पडतात. बशी उबवणीत ठेवताना पालथी घालतात, नाहीतर झाकणावरचं पाणी ठिबकून सगळं एक होतं.

तरी मातीतले बहुतेक जिवाणू या बशीवर उगवतच नाहीत. त्याचं एक कारण २०१४ मध्ये जपानी संशोधकांच्या हाती लागलं, आणि तेही स्वयंपाकातलंच म्हणावं असं: फॉस्फेट आणि अगार एकत्र शिजवले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते जिवाणूंना बाधतं. दोन्ही वेगवेगळे शिजवून नंतर मिसळले, तर त्याच मातीतून जास्त ठिपके उगवतात.