गाणे कंपनीकडे पाठवण्याआधी

मराठी गाण्याला महाराष्ट्राबाहेर कोण विचारतो, हा समज अनेक नव्या गायक-संगीतकारांच्या मनात घट्ट बसला आहे. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केले. हे लेबल नृत्यसंगीतासाठी जगभर ओळखले जाते, आणि गाणे त्याच बाजाचे होते. भाषा आड आली नाही. म्हणून आपल्या बाजाचे संगीत काढणारी कंपनी आधी शोधावी. दिसेल त्या पत्त्यावर एकच मेल धाडणाऱ्याचे गाणे सहसा ऐकलेच जात नाही. अनेक मोठ्या कंपन्या ओळखीशिवाय आलेला डेमो उघडतही नाहीत. उद्या कोणी चाल चोरल्याचा दावा करू नये, हेही त्यामागचे एक कारण असते.

चोरीची भीती कलाकारालाही असते. त्यावर उपाय म्हणून गाण्याची सीडी स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पाकीट बंद ठेवण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्या पाकिटाला कायद्यात वेगळे स्थान नाही. स्वामित्वहक्क रचना तयार होताच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, वाद झाल्यास पुरावा म्हणून मात्र ती उपयोगी पडते.

भक्तिगीते करणाऱ्यांचा एक समज महागात पडू शकतो: अभंग सगळ्यांचे, मग परवानगी कसली? तुकोबांचे शब्द खरोखर सगळ्यांचे आहेत. पण श्रीनिवास खळे यांनी त्यांना लावलेल्या चाली तशा नाहीत. संगीतकाराच्या रचनेवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. रॅप करणाऱ्या मुलांचे तेच होते. यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीट बहुधा पैसे न कमावता वापरण्यापुरतीच मोफत असते. तिचे लेखी हक्क हाती नसतील तर कंपनी ते गाणे घेणार नाही, आणि तिचे बरोबरच आहे.

आता करार. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते, कारण कंपनीने होकार दिला की वाचायचे काय, अशी भावना असते. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, ही दुसरी. स्टुडिओचा खर्च आणि जबाबदारी तुम्ही उचलली असेल, तर लिहून देईपर्यंत मास्टर तुमचाच. तो कंपनीला दिला तरी गीतकार आणि संगीतकार म्हणून रॉयल्टीतला तुमचा समान वाटा जात नाही. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने हा वाटा सोडून देण्यालाच बंदी घातली आहे. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. ‘एकरकमी घ्या, पुन्हा काही मागू नका’ असे कलम या वाट्यापुरते रद्दबातल ठरते. हे माहीत नसल्यामुळे किती चांगले गीतकार गप्प बसले असतील, याचा विचार करून वाईट वाटते. वसुलीसाठी शब्द आणि चाल रचणाऱ्यांनी आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हावे. ही संस्था १९६९ पासून आहे.

आगाऊ मिळालेली रक्कम बक्षीस समजू नये. ती सहसा पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. आणि गाणे ‘लाँच’ करण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागून वर मास्टरही लिहून घेणाऱ्या कंपनीकडे सरळ पाठ फिरवावी. स्पॉटिफायसारख्या सेवांवर गाणे चढवायला कंपनी लागतच नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारखे वितरक फी घेऊन ते काम करतात आणि मास्टर तुमच्याकडेच राहतो.

सही करण्यापूर्वी मुदत, प्रदेश आणि रॉयल्टी या तीन जागा करारात शोधाव्यात. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. कंपनीने घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर तो तुमच्याकडे परत येतो. म्हणूनच छापील मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द आधीच घातलेले असतात. ते खोडायला सांगता येते.