रेडिएटरचा माथा गार का?
ब्रिटनमधल्या घरात रेडिएटर रिकामा करून पुन्हा भरला, की वर हवा अडकते: तळ गरम, माथा गार. आधी हीटिंग बंद करून पाणी निवू द्या. फिलिंग लूपमधून, म्हणजे नळाचं पाणी हीटिंगमध्ये नेणाऱ्या जोडनळीतून, पाणी सोडा. बॉयलरचा काटा १ ते १.५ बारवर आला, की लूप बंद. मग हवा काढायला खालच्या मजल्यापासून सुरुवात. ब्लीड व्हॉल्व्हखाली फडकं धरा, चावी डावीकडे अर्धा फेरा, जास्त नको. आधी सूंऽऽ, मग थुंकल्यासारखे थेंब, मग सलग धार. लगेच बंद करा. पाणी काळं आलं तर घाबरू नका, तो आतला गंज. (गालिच्यावरचा डाग मात्र सहजी जात नाही.) हवा गेली की दाब उतरतो, काटा पुन्हा पाहा. काढलेल्या पाण्याबरोबर गंजरोधक द्रावणही गेलेलं असतं, ते नव्याने घालायला विसरू नका.