सवलत आणि व्रताची मर्यादा

दीपावलीची अमावास्या म्हणजे भगवान महावीरांचा निर्वाणदिन. पहाटे मंदिरांत निर्वाणलाडू अर्पण होतो. त्याच दिवसांत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. मोबाईलवर 'शेवटची १० मिनिटे' सरत असतात. तिनांवर एक मोफत म्हणून एका साडीसाठी निघालेले कुटुंब चार साड्या घेऊन परतते. घरी हिशेब सांगितला जातो तो वाचलेल्या पैशांचा, खर्चाचा नव्हे.

मुदत घातली की गिऱ्हाइकाचा विचार खुंटतो, हे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांना सांगावयास नको. तरीही सणासुदीला तीच कुटुंबे गिऱ्हाईक होऊन त्या गर्दीत शिरतात.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, तर मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. तिला बांध घालण्यासाठीच श्रावकाला परिग्रहपरिमाण व्रत सांगितले. शेत, घर, सोने, धान्य यांप्रमाणे वस्त्रांचीही मर्यादा त्यात ठरवायची असते. ती ओलांडणे हा व्रताचा अतिचार होय.

म्हणून खरेदीची यादी करण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून कपाट उघडावे व असलेली वस्त्रे मोजावीत. नव्याची गरज खरोखर असेल, तर ते घेताना एक चांगले वस्त्र गरजूच्या हाती द्यावे. निर्वाणदिनी मुलांनाही व्रताचा अर्थ त्यातून सहज कळेल.