इंजिनाच्या ओतीव भागांना घरी झिलई

मोटारसायकल आता वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली आहे. पुष्कळ घरांत वडिलांच्या वेळची बुलेटही पडवीत उभी असते. तिच्या इंजिनावरची झाकणे एके काळी चांदीच्या ताटासारखी चकाकत होती. आज ती काळवंडली आहेत, त्यांवर पांढरे डाग पडले आहेत. मग एखादा हौशी मुलगा म्हणतो, "त्यात काय, घासून काढू की!" घासावे, जरूर घासावे. हे काम घरी होण्यासारखे आहे. पण काय घासायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी कळले पाहिजे.

प्रथम धातूची ओळख करून घेऊ. झाकणाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर ते लोखंड. नाही चिकटला आणि वस्तू हाताला हलकी लागली, तर बहुधा ॲल्युमिनियम. लोखंडाच्या मानाने याचे वजन सुमारे एक तृतीयांश. १९०३ साली राइट बंधूंनी जे विमान उडवले, त्याच्या इंजिनाची पेटीदेखील वजन वाचावे म्हणून ॲल्युमिनियमचीच ओतलेली होती.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. वाळूच्या साच्यात ओतलेल्या भागावर वाळूचे कण उमटतात, म्हणून तो खरखरीत निघतो. साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात, तिथे एक बारीक शीर उठून राहते. शिवाय वितळलेला रस हायड्रोजन वायू शोषून घेतो. रस थिजताना तो वायू बाहेर पडू पाहतो आणि धातूच्या पोटात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता चकाकी म्हणजे काय? विहिरीचे पाणी हलत असले की त्यात तोंड दिसत नाही. संथ झाले की दिसते. पाणी तेच, प्रकाशही तोच. पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश एका दिशेने परततो, खडबडीत असला की चहूकडे विखुरतो. शिक्षकांनी वर्गात बादलीभर पाण्यावर हे दाखवावे. झिलई देणे म्हणजे मोठे ओरखडे काढून लहान करणे, आणि लहान काढून त्याहून लहान करणे. दुसरी जादू त्यात नाही.

पण इथेच माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगतो. एका शिक्षक मित्राच्या बुलेटचे क्लचवरचे झाकण मी मोठ्या हौसेने घासले. बाहेरून आरसा झाला. त्या भरात, जिथे पॅकिंग बसते ती कडाही बोटाला कागद गुंडाळून घासली. बोट मऊ, कडेचा सपाटपणा गेला, ती गोलसर झाली. गाडीखाली तेलाचे थेंब दिसू लागले, तेव्हा मी म्हणालो, "पॅकिंग नवे आहे, बसेल हळूहळू." ते बसले नाही. आतले तेल गळून गेले, साखळी कोरडी पडली आणि ऐन परीक्षेच्या दिवशी रस्त्यात तुटली. मित्राने एका शब्दाने बोल लावला नाही. पण नवे झाकण आले ते त्याच्या पगारातून.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. प्रत्येक भागाला दोन बाजू असतात : दिसायची बाजू आणि टेकायची बाजू. झिलई फक्त दिसणाऱ्या बाजूला. पॅकिंगची कडा, बेअरिंगची जागा, आटे आणि तेलाची भोके यांना कागद लावायचा नाही.

आता कृती. भाग इंजिनावर असताना कधीही घासू नये. कागदाची कुरुंदासारखी कठीण रेती आत गेली तर बेअरिंगे खाऊन टाकील. तो सोडवून घ्या, रॉकेलने व मग साबणाने धुवा. भोकांत चिंधीचे बोळे घाला, पॅकिंगच्या कडेवर चिकटपट्टी लावा. कुठे तडा दिसला, तर तिथेच थांबून जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

उठलेली शीर अर्धगोल कानशीने काढा. कानशीवर आधी खडू घासा, म्हणजे दातांत धातू भरत नाही. मग पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या. १२० नंबरने सुरुवात करा. पुढे २२०, ४००, ६०० आणि शेवटी १०००. सपाट जागी कागद जुन्या चपलेच्या रबराच्या तुकड्यावर गुंडाळा. पाण्यात साबणाचा थेंब टाका. दर नंबराला घासण्याची दिशा आडवी बदला. आधीच्या नंबराचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. १२० वरून एकदम ६०० वर उडी मारली, तर खोल रेघा तशाच राहतात आणि चकाकीत उलट जास्त दिसतात. दर वेळी भाग धुवा. शेवटी पितळ उजळायचे पॉलिश फलाटीच्या फडक्याने लावा. फडके काळे होईल. ते धातूचेच कण असतात, घाबरू नका.

मधूनच एखादे छिद्र दिसेल. ते जाईपर्यंत खोल घासाल, तर खालचे दुसरे उघडे पडेल आणि धातू पातळ होईल ते वेगळेच. छिद्र राहू द्यावे.

धोकेही सांगतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो व त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. धुण्याचा सोडाही त्याला काळे पाडतो. दोन्ही दूर ठेवा. लोखंडाच्या सहाणेवर ॲल्युमिनियम धरू नका. सहाणेची छिद्रे बुजतात, ती तापते व फुटूही शकते. कोरडी बारीक पूड हवेत उडाली तर ठिणगीने भडकते. रेल्वेचे रूळ सांधतात ते लोखंडाचा ऑक्साइड व ॲल्युमिनियमची पूड पेटवूनच. मग गंजाच्या भुशात ही पूड मिसळणे किती वाईट! म्हणून ओले घासावे, चुलीपासून लांब बसावे. ओला गाळ झाकणबंद डब्यात साठवू नये, कारण त्यातूनही वायू निघतो. फिरत्या बफापाशी ढगळ सदरा व उपरणे नको.

काम संपले की चिकटपट्टी व बोळे काढा. भाग आतून-बाहेरून पुन्हा धुवा, प्रत्येक भोकातून पाणी काढा, वाळवा, आणि बाहेरून मेणाचा पातळ हात द्या. नवे पॅकिंग घालून झाकण बसवा, तेल भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी चकाकी पाहण्याआधी गाडीखालची जमीन पाहा. ती कोरडी असेल, तर तुमचे काम चांगले झाले.