नाताळचीं गाणीं : सरस कोणतीं, निरस कोणतीं?



डिसेंबरांत अहिल्यानगरच्या शिवारांत हुरड्याचे बेत ठरूं लागतात, आणि त्याच सुमारास जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांतून पेटीचा व टाळांचा नाद ऐकूं येतो. नाताळच्या गाण्यांची उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी प्रतवारी लावावयाची, तर ती याच ठिकाणीं बसून लावणें उचित होय. अमेरिकन मराठी मिशननें येथें १८३१ सालीं ठाणें घातलें. ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ सालीं येथूनच निघालें. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भक्तिकाव्याचा मोठा काळ याच नगरांत गेला.

आवड ज्याची त्याची. परंतु समूहानें गावयाच्या गाण्यास तीन प्रश्न विचारतां येतात. शब्द चालींत सहज बसतात काय? आबालवृद्धांच्या कंठांना तें पेलतें काय? आणि ज्या सणाचें म्हणून तें गावयाचें, त्या सणाचा अर्थ त्यांत आहे काय?

या कसोटीवर पहिलें स्थान मी मराठी अभंगास व भजनी पदास देतों. मोठ्या अभंगांत पहिल्या तीन चरणांचीं सहा सहा व चौथ्याचीं चार अक्षरें असतात. येथें अक्षरें मोजावयाचीं, मात्रा नव्हेत. त्यामुळें कोणतें अक्षर लांबवावें हें गाणारा अर्थ पाहून ठरवतो. एकानें चरण म्हणावा, इतरांनीं ध्रुपद उचलावें. पुस्तक हातीं नसलें तरी अडत नाहीं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरांत आधींच पाडली होती. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांचें बोट सोडलें नाहीं. म्हणूनच त्यांचीं पदें मराठी कानास परकीं वाटत नाहींत.

दुसरें स्थान ‘सायलेंट नाइट’ या गीतास. जोसेफ मोर या धर्मगुरूनें १८१६ सालीं शब्द लिहिले, फ्रान्झ ग्रुबर यानें चाल दिली, आणि २४ डिसेंबर १८१८ रोजीं ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ गांवीं तें गिटारच्या साथीवर प्रथम गाइलें गेलें. त्याची लय संथ, झोका दिल्यासारखी आहे. रामजन्माचे व कृष्णजन्माचे पाळणे ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना ती तत्काळ ओळखीची वाटते.

तिसरें, ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’. चार्ल्स वेस्ली यांचें हें काव्य १७३९ चें. मेंडेल्सन यांची चाल १८४० ची, आणि तीहि मुद्रणकलेच्या उत्सवासाठीं रचलेली! दोहोंचा मेळ १८५५ सालीं घातला गेला. मूळ गीत भव्य आहे. परंतु चाल उंच जाते व स्वरांची लांबी आधींच ठरलेली असते. अशा चालींत मराठी भाषांतर बसवितांना ‘दिन’ शब्दाचा ह्रस्व इकार लांब स्वरावर पडला, कीं ‘दीन’ ऐकूं येतें, आणि उत्सवाचा दिवस दरिद्री होतो!

शेवटचें स्थान ‘जिंगल बेल्स’ला. जेम्स पियरपाँट यांचें हें गाणें १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत बर्फावरील घसरगाडीची सफर आहे. ख्रिस्तजन्माचा किंवा नाताळचा उल्लेखहि नाहीं. मुलांनीं तें खुशाल गावें, घुंगरें वाजवावीं. पण सणाचें गीत म्हणून त्यास वरची जागा देतां येत नाहीं.

तें परदेशी म्हणून मी खालीं बसविलें, असा समज कृपा करून होऊं देऊं नका. दुसरें स्थानहि परदेशी गीतासच दिलें आहे. चिंता निराळीच आहे. ध्वनिमुद्रित विलायती गाणीं दुकानांतून व घरांतून आपोआप कानीं पडतात. मंडळींतील जुनें पद मात्र गाणाऱ्याच्या कंठांतच जगतें. एका पिढीनें तें म्हटलें नाहीं, तर पुढील पिढीस पुस्तकांतले शब्द सांपडतील, चाल सांपडणार नाहीं.

म्हणून येत्या नाताळांत माझी प्रतवारी खुशाल उलटी करा. परंतु तत्पूर्वीं घरांतील अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींस एक पद म्हणावयास सांगा, आणि ध्रुपद तेवढें आपण उचला.